बडोद्यातली घरपोच बाळंतीण-मालिश: आईसाठी जरूर घ्या, बाळासाठी अटी घालून

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत बाळंतपणानंतर सव्वा महिना मालिशवाल्या मावशी येतात. आईला तेल, शेक, अंघोळ, बाळाला तेल-पाणी. आईच्या मालिशसाठी ही सेवा पैसे वसूल आहे. अवघडून पाजल्यानं आखडलेली मान, खांदे आणि कंबर जाणत्या हातानं मोकळी होते, आणि 'आता मालिशची वेळ' म्हटलं की सासरीही तिला कुणी काम सांगत नाही. ही हक्काची विश्रांती कुठलंच औषध देत नाही.

तेल कोमट हवं, हिवाळ्यात तिळाचं, उन्हाळ्यात खोबरेल. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटाला हात लावू देऊ नका. सर्वांत मोठी चूक पोटरीवर होते. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली की 'वात धरलाय' म्हणून नेमका तिथेच जोर लावला जातो. ती रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्यानं सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. पहिले सहा आठवडे हा धोका जास्त असतो. मालिश थांबवून लगेच दवाखाना गाठा.

वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवतात. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. शेकायला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पुरते.

बाळाचे हातपाय हलके चोळायला हरकत नाही. मात्र धुरी नको, तिचा धूर कोवळ्या फुफ्फुसांना झेपत नाही. नाका-कानात तेल नको, बेंबी कोरडीच ठेवायची. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची छाती थोडी सुजते, ती आपोआप उतरते. 'दूध काढते' म्हणत पिळली तर पू होतो. बाळगुटीही नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको.

खाण्याबाबत मावशींचा सल्ला अर्धा बरोबर आहे. डिंकाचा, अळिवाचा लाडू खुशाल खा. आपल्या बाळंतशेपा म्हणजेच शेजारच्या गुजराती घरातला सुवा. दोन्ही घरांत बाळंतिणीला तोच देतात. पण 'पाणी कमी पी' हे ऐकू नका, पाजणाऱ्या आईला तहान लागेल तेवढं पाणी हवंच. लाडू चालू आहेत म्हणून लोहाची गोळीही सोडायची नाही. ती १८० दिवस घ्यायची असते. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही.

बोलणी करताना नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या आणि हात साबणानं धुतलेले ही अट आधीच सांगा. सर्दी-ताप असेल त्या दिवशी भरपगारी सुट्टी कबूल करा. रोजावर पैसे ठरले की मावशी आजारातही येतात, आणि त्यांचा खोकला थेट बाळापर्यंत पोचतो.