रिसेट आतला की बाहेरचा?

व्होल्टेज पडलं की टायमरची चिप थांबवून नव्याने सुरू करायची, म्हणजे रिसेट. ते काम चिपच्या आतल्या सोयीवर सोडायचं की बाहेरून वेगळी आयसी लावायची? खानापूरकडच्या शेतांवर पंपाचे टायमर बसवताना दोन्ही प्रकार वापरून झालेत, म्हणून हे लिहितोय. कंट्रोलर चिप एटीमेगा ३२८पी (एव्हीआर घराण्यातली), पुरवठा ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचा. रेझिस्टर-कपॅसिटरचा जुना आरसी रिसेट मी तुलनेत धरलेलाच नाही. लाईट पूर्ण जाऊन आली तर तो चालतो. व्होल्टेज नुसतं बसून वर आलं, तर कपॅसिटर पुरता रिकामाच होत नाही.

आणि आमच्याकडे त्रास नेमका या बसण्याचाच. थ्री फेज आली की आजूबाजूच्या सगळ्या शेतांतले ऑटो स्टार्टर एकदम मोटारी उचलतात. शेडमधला बल्ब पिवळा पडतो, परत उजळतो. तेवढ्यात चिप भलत्याच सूचना चालवून ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) कचरा लिहू शकते.

आतल्या ब्राउनआउटला, म्हणजे व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की रिसेट देणाऱ्या चिपमधल्या सोयीला, पैसे लागत नाहीत, जागाही लागत नाही. पातळ्या तीन: १.८, २.७ आणि ४.३ व्होल्ट. आर्डुइनो उनो या तयार बोर्डावर २.७ लावलेली असते, आणि बरेच जण तीच पुढे चालवतात. पण १६ मेगाहर्ट्झला डेटाशीटच्या आलेखाप्रमाणे सुमारे ३.८ व्होल्ट तरी हवेत. म्हणजे मधल्या पट्ट्यात चिप चालू, पण भरवसा शून्य. ५ व्होल्टच्या बोर्डावर ४.३ लावा. तेवढं केलं तर, खरं सांगायचं, आतलाही चांगलाच आहे.

मी सोडला तो एकाच कारणाने: फ्यूज, म्हणजे ही पातळी ठरवणारी चिपमधली सेटिंग, डोळ्याला दिसत नाही. कोऱ्या चिपमध्ये ब्राउनआउट बंद असतो. एकदा वळवाच्या विजेत एका पेटीतली चिप गेली. बांधावर बसूनच दुसरी लावली, प्रोग्रॅम भरला, घरी आलो. आठवड्याने काकांचा फोन, ‘अहो, तुमची पेटी टायम विसरायलीय की! रात्री दोनची मोटार सकाळी सुटली.’ दोन संध्याकाळी मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. चूक तिथे नव्हतीच, मी फ्यूज विसरलो होतो. बोर्ड उलटासुलटा करून पाहिला तरी ते कळत नाही, प्रोग्रॅमर जोडून वाचावंच लागतं. ज्याची पेटी टेबलावरच असते त्याला हे क्षुल्लक वाटेल. मला तीस किलोमीटर जावं लागलं.

बाहेरची रिसेट आयसी, मॅक्स ८०९, बोर्डावर दिसते. लावली की लावली, चिप कितीदा बदला. एल अक्षराची ४.६३ व्होल्टला रिसेट देते, एम ४.३८ ला. मी एम घेतो, ७८०५ थोडा ढिला असला तरी उगाच रिसेट होत नाही. व्होल्टेज सावरल्यावरही ती किमान १४० मिलिसेकंद रिसेट धरून ठेवते. एव्हीआरचा स्वतःचा थांबा जास्तीत जास्त ६५. मोटारी एकामागून एक उचलल्या जात असताना हा फरक मला जाणवला, मोजून मात्र पाहिलेला नाही.

तिचेही नखरे आहेत. ८१० दिसायला तशीच, पण काम उलटं. चुकून ती लागली की एव्हीआर कायमचा रिसेटमध्ये. पाकिटांची अदलाबदल करून मी एक अख्खी दुपार घालवली आहे. शिवाय ८०९ रिसेटची तार स्वतःच वर ओढून धरते, त्यामुळे चिप बोर्डावरच ठेवून प्रोग्रॅम भरणाऱ्या आयएसपी प्रोग्रॅमरशी तिची झटापट होते. त्यापेक्षा ओपन ड्रेनची (तार फक्त खाली ओढणारी) ८०३ घ्यावी आणि तार वर धरायला १० के चा पुल-अप रेझिस्टर लावावा.

बॅटरीवरचं काही असेल तर मात्र आतलाच बरा, ३२८पी झोपताना तो बंद करता येतो. आणि लाईट जाण्याआधी काही लिहून ठेवायचं असेल तर दोन्हीही अपुरे. त्यासाठी ७८०५ च्या आधीच्या व्होल्टेजवर नजर ठेवणारी मॅक्स ७०५ सारखी आयसी पाहावी.

दोन उन्हाळे ८०३ वर काढलेत, वेळ विसरल्याचा फोन आलेला नाही. ४.३ चा फ्यूज आठवला तर अजूनही लावतो. नाही आठवला तरी खानापूरची बस धरावी लागत नाही.