स्टेंट आत्ताच, की आधी गोळ्या?

मामांची अँजिओग्राफी चालू होती, मामी बाहेर बाकावर. दार उघडून डॉक्टरांनी पडद्यावर हृदयाच्या रक्तवाहिनीची बारीक झालेली रेघ दाखवली. ‘ऐंशी टक्के ब्लॉकेज. लगेच स्टेंट घालूया?’ स्टेंट म्हणजे बारीक झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी. मामींनी मला फोन लावला आणि मी ‘हो’ म्हटलं. आज फोन आला तर आधी विचारीन, मामांना त्रास किती होतो?

हृदयविकाराचा झटका आला असेल तर मात्र असलं काही विचारत बसू नये. १०८ बोलवावी. ‘स्टेमी गोवा’ योजनेत जवळच्या सरकारी इस्पितळात ईसीजी काढतात, लागलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवतात. इथला प्रश्न वेगळा आहे. पणजीतल्या आल्तिनो टेकडीची चढण चढताना छाती दाटते, थांबलं की मोकळी होते, आणि हे महिनोन्‌महिने तसंच चाललंय.

अशा माणसाचं आयुष्य स्टेंटने वाढतं का? २०२० साली आलेल्या ‘इस्केमिया’ अभ्यासात ३७ देशांतले ५१७९ रुग्ण होते. निम्म्यांना औषधांबरोबर अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, उरलेल्यांना आधी फक्त औषधं. साधारण सव्वातीन वर्षांत एका गटात १४५ मृत्यू, दुसऱ्यात १४४. कारण झटका पुष्कळदा पडद्यावर ठळक दिसणाऱ्या अडथळ्यातून येत नाही. दुसरीकडचा साधा दिसणारा चरबीचा थर फुटतो नि तिथे गुठळी धरते. स्टेंट एक जागा उघडतो. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सगळ्या रक्तवाहिन्यांवर काम करते.

दुखण्याचा हिशेब मात्र निराळा. त्याच अभ्यासात ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला छातीत दुखायचं, त्यांतले वर्षभरानंतर पूर्ण मोकळे झाले ते पहिल्या गटात निम्मे, औषधांच्या गटात पाचातला एक. ज्यांना मुळातच दुखत नव्हतं, त्यांना फरक जवळजवळ शून्य.

मग हा मनाचा खेळ तर नाही? इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी तेही तपासलं. काहींना खरा स्टेंट, काहींना स्टेंट घातल्याचं नुसतं नाटक, कोणाला काय मिळालं ते रुग्णाला ठाऊक नाही. २०१७ च्या ‘ऑर्बिटा’त सगळे भरपूर गोळ्या घेत होते, चालण्याच्या चाचणीत ठोस फरक पडला नाही. २०२३ च्या ‘ऑर्बिटा-२’मध्ये दुखणं थांबवणाऱ्या गोळ्याच बंद ठेवल्या, तेव्हा स्टेंटवाल्यांचं दुखणं खरोखर कमी झालं. म्हणजे दुखण्यावरच्या या गोळ्या सोसत नसतील किंवा रोज खायचा कंटाळा असेल, तर स्टेंट हा चांगला पर्याय आहे.

पण स्टेंट घातला म्हणून बाकीच्या गोळ्या सुटत नाहीत. उलट रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या काही महिने चुकवून चालत नाहीत. दात काढायचा किंवा मूळव्याधीचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर ते आधीच सांगा. आणि औषधांची वाट धरलेल्यांपैकीही काहींना पुढे स्टेंट लागतोच, तो रस्ता बंद होत नाही.

डाव्या मुख्य रक्तवाहिनीतच अडथळा असेल किंवा हृदयाचं पंपिंग फार कमी असेल तर वरचे आकडे बाजूला ठेवा. तशा रुग्णांना ‘इस्केमिया’त घेतलंच नव्हतं. तिथे बायपासचीही चर्चा करावी लागते.

मामा आता आल्तिनो न थांबता चढतात. मामी श्रेय स्टेंटला देते. त्याच वर्षी मामांची विडी सुटली, हे मी दर चतुर्थीला तिला आठवून देतो.