फर्ग्युसन घराण्याच्या शोधात ‘ट्रोव्ह’ किती कामाचं?

कोल्हापूर संस्थानच्या १८८०-८५ या काळावर काम करणाऱ्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं घराणं जरूर तपासावं. त्यांची पहिली पत्नी ईडिथ ही लॉर्ड डलहौसीची मुलगी. सासऱ्याने १८४८ मध्ये दत्तक नाकारून सातारा खालसा केलं, आणि जावई गव्हर्नर असताना, १७ मार्च १८८४ रोजी, कागलचे यशवंतराव दत्तक येऊन शाहू महाराज झाले. मात्र यात नात्याचा हात शोधू नये. १८५७ नंतर इंग्रजांचं धोरणच पालटलं होतं.

घराण्याची माहिती मिळते ती ॲडलेडच्या जुन्या वर्तमानपत्रांत, कारण फर्ग्युसन १८६९ ते १८७३ दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ ती फुकट वाचायला देतं, खातं उघडावं लागत नाही. वर्तमानपत्रांचा विभाग निवडा, राज्य आणि वर्षं ठरवा, नाव अवतरणचिन्हांत टाका.

अडतं ते नावापाशी. ईडिथ मार्क्विसची, म्हणजे वरच्या दर्जाच्या उमरावाची मुलगी, म्हणून छापील उल्लेख ‘लेडी ईडिथ फर्ग्युसन’ असा. १८७३ मध्ये लग्न झालेली ऑलिव्ह रिचमन मात्र नुसती ‘लेडी फर्ग्युसन’. ‘लेडी ऑलिव्ह’ शोधून उपयोग नाही. ईडिथ १८७१ मध्ये ॲडलेडलाच वारली, त्यामुळे डलहौसीची मुलगी गव्हर्नरीणबाई म्हणून मुंबईत आली होती असं कुठे वाचलंत तर ते चूक. मुंबईत होती ती ऑलिव्ह, आणि १८८२ मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेली. त्या बातम्या शोधताना पुढचे दोन-तीन महिनेही चाळा: तारेने दोन ओळी येत, सविस्तर हकीकत मागाहून बोटीच्या टपालाने.

मजकूर यंत्राने वाचलेला आहे, पुसट छपाईत अक्षरं हमखास चुकतात. ‘फर्ग्युसन’ दुहेरी आणि एकेरी ‘एस’ असं दोन्ही प्रकारे शोधा, आणि उतरवून घेण्याआधी शेजारच्या मूळ पानाशी ताडून पाहा. चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करता येते. ती दुरुस्ती जरूर करावी, पुढच्या वाचकाचा शोध सोपा होतो.

टिळक-आगरकरांच्या १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणासाठी मात्र ट्रोव्हवर विसंबू नये. संस्थानी कागदांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागारच गाठावं. फर्ग्युसन यांचा मुलगा चार्ल्स आणि नातू बर्नार्ड दोघेही न्यूझीलंडचे गव्हर्नर-जनरल झाले. त्यांच्यासाठी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘पेपर्स पास्ट’ पाहा, तेही फुकटच आहे.