दिवाळीच्या सुट्टीत तिसरी-चौथीला काय द्यावं: छापील पुस्तिका, गोष्टीची पुस्तकं की वर्गाचा अंक?

प्रथम सत्राची परीक्षा आटोपली की वर्गशिक्षकांना सुट्टीचा अभ्यास ठरवावा लागतो. पुढे तीन वाटा असतात: बाजारातली छापील पुस्तिका, घरी वाचायला गोष्टीची पुस्तकं, नाहीतर वर्गाचा हस्तलिखित दिवाळी अंक.

पुस्तिकेचा निकाल लवकर लागतो. ती तपासायला सोपी, आणि अभ्यास दिलाय म्हणून पालकही खूश. पण आत असतं काय? रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, पाढे लिहा. पहिल्या पानावर मुलाचं अक्षर दिसतं, शेवटच्या पानांवर बहुधा ताईचं. गणिताचा सराव हवाच असेल तर चार पानं झेरॉक्स करून द्या, तेवढं पुरे.

वर्गात अडखळत वाचणारी मुलं बरीच असतील, तर मी डोळे झाकून पुस्तकांची बाजू घेईन. फक्त पुस्तक मुलाच्या पातळीचं हवं. चौथीतल्या मुलाला पानाला दोन ओळींचं चित्रपुस्तक दिलं तर त्यात कमीपणा नाही. शाळेत पुस्तकं कमी असतील तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी पातळीनुसार मोफत मिळतात. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. पुस्तकं हरवतील ही भीती खरी आहे, पण कुलूपबंद कपाटात वाळवीही पुस्तकं वाचतेच! सारांश किंवा तात्पर्य लिहायला मात्र सांगू नका, वाचनाची गोडी तिथेच जाते. घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि वहीत पुस्तकाचं नाव व ऐकणाऱ्याचं नाव लिहायचं, बस्स.

मुलं बऱ्यापैकी वाचती-लिहिती असतील तर पुस्तकांच्या जोडीला अंक घ्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही आपल्याकडची हक्काची गोष्ट आहे, आणि अनेक घरांत मुलांनी तो पाहिलेला असतो. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, संपादकीय, कोडी, अगदी खोट्या जाहिरातीसुद्धा मुलं हौसेनं करतात. विषय शोधावे लागत नाहीत. किल्ला कसा बांधला, पोती कुठून आणली, आळीव कधी पेरले आणि किती दिवसांनी उगवले, बुरूज कुणी पाडला, हे मूल न थांबता सांगतं. आजीला विचारून चकलीची कृती क्रमानं लिहायची म्हटली की ‘आधी’, ‘मग’, ‘तोपर्यंत’ हे शब्द आपोआप वापरात येतात. निबंधात ते घोकून येत नाहीत.

अंक बिघडतो तो घरी करायला दिल्यावर. परत येतात ते चमकीचे कागद आणि आईनं लिहिलेली कविता. म्हणून सुट्टीत फक्त माल गोळा करायला सांगा: नोंदी, चित्रं, आजीशी गप्पा. लिहायचं ते शाळा उघडल्यावर, वर्गात बसून. दिवाळी ऑक्टोबरात असेल तर प्रकाशनाला 14 नोव्हेंबरचा बालदिन साधतो.

ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात असतील तर हे गणित बदलतं. गाळप हंगामासाठी कुटुंबं याच सुमारास गाव सोडतात आणि बरीच मुलं सुट्टीनंतर परत येत नाहीत. त्यांचं पान परीक्षेनंतरच्या मोकळ्या दिवसांतच लिहून घ्या. पुस्तकंही आधी त्यांना द्या, ती परत येतील अशी अपेक्षा न ठेवता.

पटाचाही विचार करा. बारा-पंधरा मुलं असतील तर एकच अंक छान होतो. चाळीसच्या पुढं पट असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक पान येतं, आणि तेही सुंदर अक्षरवाल्या दोघा-तिघांकडून पुन्हा लिहून घेण्याचा मोह होतो. तिथं गट पाडून चार-पाच छोटे अंक काढलेले बरे. झेरॉक्स काढायची असेल तर चित्रांच्या कडा काळ्या पेनानं गिरवून घ्या, फिका पिवळा खडू प्रतीत उमटत नाही.