यंत्रावर बंधन की चालकाला परवाना? हरकत लिहिण्यापूर्वीची तुलना

जुगाराच्या यंत्रांविषयी किंवा ती चालवणाऱ्यांच्या परवान्याविषयी मसुदा निघाला आणि हरकती व सूचना मागवल्या गेल्या, की आपल्याकडे अर्ज बहुधा दोनच प्रकारचे लिहिले जातात. एक ‘जुगार नको’ म्हणणारा आणि दुसरा ‘पर्यटन वाढेल, रोजगार मिळेल’ म्हणणारा. दोन्हींची भावना खरी असली, तरी मसुद्यातील एकाही कलमाला त्यांचा धक्का लागत नाही. अशा मसुद्यातील कलमे ढोबळमानाने दोन जातींची असतात. काही यंत्राविषयी बोलतात: एका डावाला किती रुपये, दोन डावांत किती सेकंद, नोट घेणार की नाही. काही चालकाविषयी बोलतात: परवाना कोणाला, शुल्क किती, दारावर कोणाला अडवायचे. हाताशी एकच पान आणि थोडेच दिवस असतील, तर ते कोणत्या बाजूला खर्च करावेत, एवढाच येथे प्रश्न आहे.

सिंधुदुर्गातील वाचकाला हा प्रश्न दोन कायद्यांच्या मध्ये उभे राहून सोडवावा लागतो. जुगार हा राज्यसूचीतील विषय (नोंद 34) असल्याने गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीच्या अलीकडे आणि पलीकडे चित्र अगदी निराळे आहे. अलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात, 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. कॅसिनोसाठी 1976 मध्ये केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि तो रद्द करण्याचा निर्णय सरकारने 2023 मध्ये घेतला. पलीकडे गोव्याच्या 1976 च्या जुगारविषयक कायद्यातील कलम 13-अ नुसार पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणि जहाजांवर टेबलावरचे खेळ यांना शासन परवानगी देऊ शकते. मोबाइलवरील पैशांच्या खेळांवर केंद्राने 2025 च्या कायद्याने बंदी आणल्यामुळे तो भाग या तुलनेबाहेर ठेवला आहे.

आधी यंत्राची बाजू पाहू, कारण तिचे गणित कोणालाही कागदावर मांडता येते. समजा, यंत्रात एका डावाला 10 रुपये लागतात, डाव अडीच सेकंदांत संपतो आणि लावलेल्या दर 100 रुपयांतले सरासरी 92 रुपये यंत्र परत देते. न थांबता खेळणाऱ्याचे तासात 1,440 डाव होतात, म्हणजे 14,400 रुपये यंत्रातून फिरतात आणि सरासरी 1,152 रुपये जातात. खेळणाऱ्याला मात्र फक्त दहाची नोट दिसत असते. आता हाच डाव वीस सेकंदांचा केला, तर तासाचे नुकसान 144 रुपयांवर येते. दहा रुपयांना हात न लावता नुसत्या सेकंदांनी हा फरक पडतो.

ब्रिटनमध्ये हेच उलट्या बाजूने घडले. बेटिंगच्या दुकानांतील ‘बी-2’ वर्गाच्या यंत्रांवर एका डावाला 100 पौंडांपर्यंत लावता येत असत. एप्रिल 2019 पासून ती मर्यादा 2 पौंडांवर आणली गेली. सुधारणा मोठी होती. परंतु शेजारच्या ‘बी-3’ यंत्रावरही 2 पौंडांचीच मर्यादा असून त्याचा डाव अडीच सेकंदांत होतो, तर ‘बी-2’चा वीस सेकंदांत. म्हणजे जास्तीत जास्त रक्कम लावली, तर तासाला ‘बी-2’मधून 360 पौंड फिरतात आणि ‘बी-3’मधून 2,880. दुकानदारांचा ओढा कोणत्या यंत्राकडे वळला, हे वेगळे सांगायला नको. म्हणून केवळ ‘रकमेवर मर्यादा घाला’ असे लिहिणे अपुरे आहे. रक्कम आणि वेग ही दोन्ही एकाच कलमात मागावीत.

यंत्राच्या बाजूचा एक दुबळेपणाही सांगितला पाहिजे. आमच्या तालुक्याच्या गावात एस.टी. स्थानकामागे काही वर्षांपूर्वी एक व्हिडिओ गेम पार्लर होते. भिंतीवर करमणुकीचा परवाना काचेच्या चौकटीत होता आणि आतल्या खोलीला हिरवा पडदा. पडद्यामागच्या यंत्रावर फळांची चित्रे फिरत. गल्ल्यावरच्या माणसाला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, “पैसे नाय हो, पॉइंट आसत.” ते पॉइंट तोच वहीत मांडून घेई आणि निघताना रोख मोजून देई. यंत्र नियमात बसणारेच होते. जुगार त्या वहीत होता. असली वही पकडायची, तर चालकाचेच कलम लागते.

चालकाच्या बाजूची कलमे वाचायला दणकट वाटतात, पण ती दाराशी अडखळतात. गोव्याने स्थानिकांना कॅसिनोत खेळण्यास 2020 पासून मनाई केली. वयाची अट 21 ची आहे. गोव्याच्या घरांपुरता हा नियम समजण्यासारखा आहे. पण बांद्याचा किंवा सावंतवाडीचा तरुण आपल्या पत्त्याच्या ओळखपत्रानिशी तेथे पर्यटक ठरतो, आणि त्याचा पगार पणजीजवळच्या मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजांवर बुडाला तरी तो आकडा पणजीच्या चिंतेत येत नाही. शिवाय शुल्कावर शासनाची तिजोरी भरू लागली, की परवाना काढून घेणे जड जाते. मांडवीतली जहाजे अन्यत्र हलवण्याची चर्चा किती वर्षांची आहे आणि मुदतवाढी किती झाल्या, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतच आलो आहोत.

संख्येच्या मर्यादेचेही तसेच. ब्रिटनच्या 2005 च्या कायद्याने बेटिंगच्या एका दुकानात चारच यंत्रांना मुभा दिली. कंपन्यांनी मग त्याच रस्त्यावर आणखी दुकाने उघडली. स्थानिक परिषदेने शक्यतो परवानगीच द्यावी, असा कायद्याचा रोख असल्याने ‘नाही’ म्हणणे तिला कठीण गेले. आपल्याकडे उद्या ग्रामसभेचे मत ‘विचारात घेतले जाईल’ अशी शब्दरचना आली, तर तिचे वजन याहून जास्त नसेल. ‘संमतीशिवाय परवाना नाही’ असेच लिहून मागावे लागेल.

नॉर्वेने दोन्ही बाजू एकत्र बांधल्या. 2006 मध्ये यंत्रांत नोटा घालणे बंद केले, 2007 मध्ये खासगी यंत्रेच उचलली, आणि नंतर सरकारी कंपनीची वेगळी यंत्रे आणली, जी खेळाडूच्या नावाच्या कार्डाशिवाय चालत नाहीत आणि नुकसानाची मर्यादा गाठली की थांबतात. तेथे दारावरच्या माणसाचे काम यंत्रच करते. तालुक्यात तपासणीला मोजके अधिकारी असताना मला हेच अधिक विश्वासार्ह वाटते.

म्हणून माझा कौल असा. ज्याला घरातला मुलगा किंवा नवरा वाचवायचा आहे, त्याने पानाचा मोठा भाग यंत्रावर खर्च करावा: रक्कम व सेकंद एकत्र, नोटा बंद, नावाचे कार्ड. चालकाविषयी दोनच मागण्या ठेवाव्यात, त्या म्हणजे पॉइंटच्या बदल्यात रोख दिल्यास परवाना रद्द आणि ग्रामसभेची संमती. हॉटेल व्यवसायात असून ज्याला परवाना हवाच आहे, त्याने उलट परवान्याची मुदत, शुल्क आणि नूतनीकरण यांवर बारकाईने लिहावे; त्याचे नुकसान तेथे ठरणार आहे. मुळात बंदीच हवी असणाऱ्यानेही पहिल्या वाक्यात तसे नोंदवून खाली ‘तरीही नियम करायचे असल्यास’ असे म्हणून कलमनिहाय दुरुस्त्या द्याव्यात. नुसता विरोध फाइलला एका ओळीत लागतो. अर्जावर मसुद्याचा क्रमांक व दिनांक घालावा, मुदतीच्या आत टपालाने किंवा ईमेलने पाठवावा आणि पोच जपून ठेवावी.