‘घरगुती व्यवसाय लायसन्स’ पॅकेज: कागद तीन, पण गिऱ्हाईक घरी येण्याचं काय?

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या सेवा केंद्रांत आणि टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात ‘घरगुती व्यवसाय लायसन्स’ म्हणून एक पॅकेज मिळतं. त्यात तीन कागद येतात: उद्यम प्रमाणपत्र (केंद्र सरकारकडची लहान उद्योगाची नोंदणी), गुमास्ता (दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद), आणि खाण्याचा धंदा असेल तर फूड लायसन्स. कागद खरे असतात, फार खेटेही घालावे लागत नाहीत. तरी पाचापैकी अडीचच गुण. ‘हे काढा, मग गिऱ्हाईक घरी बोलवायला मोकळे’ असं काउंटरवर सांगतात, आणि तिन्हींपैकी एकाही कागदात तसं लिहिलेलं नसतं.

उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून आहे आणि पूर्ण मोफत आहे. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, पॅन लागतो, बाकी सगळी माहिती स्वतःच्या शब्दावर. केंद्र पैसे घेतं ते फक्त टंकायचे. घाईत चूक होते ती धंद्याच्या प्रकारात: ब्लाउज शिवणाऱ्या बाईला ‘कापड व्यापार’ लावून देतात. पुढे बँकेत शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला गेलं की कागद एक सांगतो आणि अर्ज दुसरंच. अर्ज पाठवण्याआधी तेवढी एक ओळ स्वतः वाचून घ्यावी.

फूड लायसन्स म्हणतात ती लहान धंद्यासाठी खरं तर नोंदणी असते. १४ अंकी क्रमांक मिळतो, तो काळ्या मसाल्याच्या नाहीतर शेवयांच्या पाकिटावर छापायचा. स्वयंपाकघर, पाणी, साठवण यापलीकडे हा कागद बोलत नाही. दारात कोण येतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

खरी गोम गुमास्त्यात. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात एकट्या बाईच्या किंवा घरातल्या दोघा-तिघांच्या धंद्याला परवाना नाहीच. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत कामगार खात्याला ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. ती पावती एवढंच सांगते की तुम्ही कळवलंत. जागा धंद्याला चालते की नाही, हे ती ठरवत नाही. अर्जासोबत मराठी पाटीचा फोटो मागतात. केंद्रवाला सांगतो, ‘छोटी पाटी करून आणा, दारावर लावा, फोटो काढा.’ आता गंमत बघा. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (बांधकामाचे आणि जागेच्या वापराचे नियम) ‘गृहव्यवसाय’ म्हणून जे चालतं, त्याची एक अटच अशी की बाहेरून बघणाऱ्याला घरात धंदा आहे हे दिसेल अशी कुठलीही खूण नको. कामगार खात्याला पाटी हवी, बांधकाम नियमाला ती खुपते. पॅकेज विकणाऱ्याला हे विचारून बघा. उत्तर मिळालं तर आणखी अर्धा गुण द्यायला हरकत नाही. फोटोपुरती पाटी घराच्या आत, दाराजवळच्या भिंतीवर लावणं हा त्यातल्या त्यात कमी अडचणीचा मार्ग.

ही गृहव्यवसायाची व्याख्या पैसे देण्याआधी वाचायला हवी. कामाला घरातलीच माणसं, पगारी मदतनीस नको. विकायचं ते घरात तयार झालेलंच. यंत्राला मोटर असेल तर एकूण १ अश्वशक्तीपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण किलोवॅट. धोक्याचा माल नको, शेजाऱ्यांना उपद्रव नको. आणि लोकांना बसवून खाऊ-पिऊ घालण्याचं ठिकाण यात बसत नाही. दिवसाला किती गिऱ्हाइकं चालतील, असा आकडा मात्र इथे नाही. प्रश्न ‘किती आले’ असा कमी आणि ‘कशासाठी आले, काय दिसलं, कोणाला त्रास झाला’ असा जास्त येतो.

याच अटींवर आपल्याकडचे धंदे घासून बघितले की चित्र लगेच स्पष्ट होतं. मापं द्यायला आलेली ब्लाउजवाली गिऱ्हाइकं चालतात. शिलाई नियमाच्या उदाहरणातच आहे. पैठणला घरच्या मागावर विणलेली पैठणी घरी दाखवून विकणं चालतं. पण सुरतेहून गठ्ठा आणून हॉलमध्ये ‘साडी सेंटर’ मांडलं तर तो गृहव्यवसाय नाही, दुकान आहे. गुमास्ता असला तरी दुकानच. घरगुती चक्की १ अश्वशक्तीची असते, म्हणजे ती एकटीच मर्यादा गाठते. तिच्या जोडीला मोटरवरचं शेवयांचं यंत्र आलं की हिशेब बिघडला. पार्लरमध्ये दोन मुली पगारावर ठेवल्या की पगारी मदतनीस नको ही अट मोडली.

लातूरला क्लासेसच्या भागात तर हा फरक रोजच्या जेवणाचा आहे. घरी स्वयंपाक करून पोरांच्या रूमवर डबा पोचवला तर तो गृहव्यवसायाच्या जवळ बसतो. तीच पोरं ओट्यावर, हॉलमध्ये पंगत धरून जेवायला बसली की ती खानावळ झाली आणि व्याख्येतून बाहेर गेली. फूड नोंदणी दोन्हीकडे सारखीच दिसते, म्हणून केंद्रवाला दोन्ही एकाच दरात उरकतो. खानावळवाल्यांनी हे पॅकेज घेऊन निर्धास्त होऊ नये. त्यांनी आधी महापालिकेच्या, बीड-धाराशिव-हिंगोलीसारख्या ठिकाणी नगरपरिषदेच्या, नगररचना विभागात आपल्या जागेला कुठला वापर मंजूर आहे ते लेखी विचारावं. रुंद रस्त्यावरच्या घराला तळमजल्यावर दुकानाची वाट असू शकते. आतल्या गल्लीत ती अरुंद होते.

संभाजीनगरात त्याआधीचा एक प्रश्न असतो: घर गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं, आहे का? २००१ च्या कायद्याखाली ते नियमित झालं नसेल तर मंजूर नकाशाच नाही, मग मंजूर वापर दाखवणार कुठला? घरपट्टीची पावती पुरे, असं केंद्रात सांगतात. ती फक्त कर भरल्याचा पुरावा आहे. बांधकाम कायदेशीर असल्याचा नव्हे. उलट कराच्या मोजणीला आलेल्या माणसाला हॉलमध्ये काउंटर दिसला तर तेवढ्या भागाला बिगरनिवासी दर लागू शकतो. फ्लॅट असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र वेगळंच. तेही पॅकेजमध्ये नसतं, आणि तक्रार शेजारीच आधी करतो.

विजेबद्दल पॅकेजवाले चकार शब्द काढत नाहीत. घराच्या काही भागात धंदा असला तरी महिन्याला ३०० आणि आधीच्या वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत वापर असेल तर महावितरणचा घरगुती दर चालतो. आर्थिक वर्षाच्या शेवटी हिशेब बघितला जातो. ३,६०० ओलांडले की पुढे धंद्याचा दर. लपवाछपवी महाग पडते: अनधिकृत वापर ठरला तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी. ओव्हन, इस्त्री, हेअर ड्रायरही युनिट खातातच. बिलावरचे मागच्या बारा महिन्यांचे आकडे बेरीज करून बघायला पाच मिनिटं लागतात.

घ्यावं का मग? पापड, कुरडया, मसाला, शिवण करणाऱ्यांना, ज्यांच्याकडे गिऱ्हाईक येऊन माल घेऊन जातं, त्यांना कागद उपयोगी आहेत. बँक, बचतगट, ऑनलाइन विक्री, सगळीकडे मागतात. मोबाइल नीट हाताळता येत असेल तर उद्यम घरीच करावं आणि केंद्राला फक्त गुमास्ता व फूड नोंदणीचे पैसे द्यावेत. पावतीवर प्रत्येक कागदाची रक्कम वेगळी लिहून मागावी, सरकारी शुल्क आणि केंद्राची मजुरी सुटी. लॉगिन आणि पासवर्ड स्वतःच्या मोबाइल नंबरावर आणि ईमेलवरच करून घ्यावा. केंद्राच्या नंबरावर केलं तर पत्ता बदलताना पुन्हा त्यांच्याच दारात, पुन्हा पैसे.