चिल्का-मंगलाजोडी सहलीच्या नावाखाली माझे ५१,४०० रुपये गेले

लिहायला लाज वाटते, पण गप्प बसलो तर अजून कुणीतरी फसेल.

मी नवखा नाही. बारा वर्षं सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर पट्टकदंब (हिवाळी पाहुणे हंस) मोजतोय, पक्षी बघायला भिगवणच्या वाऱ्या तर किती झाल्या याचा हिशेब नाही. ओडिशातलं चिल्का सरोवर आणि त्याच्या काठचं मंगलाजोडी तेवढं राहिलं होतं. पक्षीवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात आली: चिल्का, मंगलाजोडी, भितरकणिका, पाच दिवस, माणशी १८,५००. मी आणि मेव्हणा, दोघांनी नाव दिलं. ग्रुपमध्ये निम्मी माणसं ओळखीची. अशा ठिकाणी कुणीही विश्वास ठेवला असता.

आधी निम्मे, म्हणजे १८,५००. मग चिल्का सरोवरातल्या नलाबन बेटावर उतरायच्या ‘स्पेशल परमिट’चे ६,४००. मग उरलेले १८,५००. निघायच्या आदल्या रात्री कॅमेऱ्याचं डिपॉझिट ८,०००, ‘परत मिळणार सर’. दर वेळी क्यूआर कोड वेगळा, त्यावरचं नाव वेगळं. जाहिरातवाला म्हणाला, अकाउंटंटचं खातं आहे. पैसे घेणाऱ्याचं नाव बदललं की तिथंच थांबा, कारण ऐकूच नका.

पण मला खरं जाळतंय ते वेगळंच. तिसरा हप्ता मागताना त्यानं फोटो पाठवला, ‘कालचाच, मंगलाजोडी’. तारीख १२ डिसेंबर. काळ्या शेपटीच्या मालगुजांचा थवा, आणि माना विटकरी लाल! थंडीत आपल्याकडे हा पक्षी राखाडी-तपकिरी असतो. तो रंग चढतो परतीच्या तोंडावर, मार्च-एप्रिलात. हे मी स्वतः पोरांना भिगवणला दाखवून शिकवलंय. फोटो बोटांनी मोठा करून चोच बघत बसलो, बुडाशी नारिंगी, टोकाला काळी. मान डोळ्यांसमोर होती. ‘काय सुंदर!’ असं लिहिलं आणि १८,५०० पाठवले.

कोणार्क एक्सप्रेसनं भुवनेश्वरला उतरलो. गाडी येणार होती, फोन बंद. गळ्यात दुर्बिणी अडकवून दोघं स्टेशनबाहेर अकरा वाजेपर्यंत बसून होतो.

तिथल्या ठाण्यात म्हणाले, पैसे सोलापुरातून गेलेत, तिकडे तक्रार करा. इथं आलो तर म्हणे प्रकार ओडिशात झाला, तिकडेच करायची होती. मग सांगितलं, हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे, कोर्टात जा. पाच हेलपाटे घातले. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा नेट बंद, एकदा नुसता अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर चिडले. एकानं तोंडावर विचारलं, ‘या वयात पक्षी बघायला एवढ्या लांब कशाला?’ बँकेत तर एकच पालुपद: पिन तुम्हीच टाकला ना? अहो, मीच टाकला, म्हणूनच त्याला फसवणूक म्हणतात! चोर कुठल्या हद्दीत बसलाय हे मला माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?

हद्दीचं कारण सांगितलं तर ऐकून घेऊ नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. मला हे फार उशिरा कळलं. आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पहिल्या तासात करा, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत. मी दुसऱ्या दिवशी केला, तोवर खाती रिकामी झाली होती.

मंगलाजोडीला जायचंच असेल तर मधला माणूस नको. एके काळी शिकार करणारे तिथले गावकरीच आता पक्षी राखतात, बांबूनं होडी ढकलत पक्षी दाखवतात. थेट त्यांच्या पर्यटन समितीकडे बोला. नलाबनवर उतरवतो म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका, ते अभयारण्य आहे.

काल मेव्हण्यानं एक नवी जाहिरात पाठवली. २६ जानेवारीची सुट्टी जोडून सहल, नंबर वेगळा, माणशी १६,९९९. फोटो तोच. लाल मानांचे मालगुजा, उजवीकडून तिसरा पंख उचललेला.